जळालेलं झाड आणि जानकी अम्मल

गवती चहा, पुदिना, धोतरा, वांगं. मैत्रिणींनो, आपल्या परसातल्या या मंडळींची गुणसूत्रं मोजत एका बाईने उभा जन्म काढला. डॉ. जानकी अम्मल त्यांचं नाव. १८९७ साली केरळात तेलिचेरीला जन्मल्या. वडील न्यायाधीश, घर मुलाबाळांनी भरलेलं. लग्नाची बोलणी चालू असताना या बाई शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेला निघाल्या आणि १९३१ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टर झाल्या. लग्न केलंच नाही.

पुढे कोइमतूरला उसावर काम, मग लंडन. महायुद्धात बॉम्ब पडू लागले की पलंगाखाली शिरायचं आणि नंतर काचा झटकून पुन्हा कामाला लागायचं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. १९४५ मध्ये डार्लिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा ग्रंथ काढला. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या परतल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची घडी नव्याने बसवायला लागल्या.

पण मला पदव्यांपेक्षा शिलाँगची गोष्ट जास्त लक्षात राहते. त्या भागात मॅग्नोलियाच्या एका जातीचं एकच झाड उरलं होतं. त्यासाठी बाई शिलाँगपासून ३७ मैल गेल्या. झाड जळून गेलेलं होतं!

आता तुम्ही म्हणाल, एक झाड गेलं तर काय मोठंसं? आपल्या सह्याद्रीतली सफेद मुसळी बघा ना. पहिल्या पावसात कोंब फुटतो, पांढरी फुलं येतात आणि पावसाळा सरला की पानं वाळून कंद मातीत झोपी जातो. डोक्यावर झाडांची सावली आणि खाली कुजलेल्या पाल्याची ओल, यावरच तिचा संसार. झाडं तोडली की ऊन थेट जमिनीवर येतं, माती सुकते, घाणेरी नि रानमोडी मोकळी जागा बळकावतात. त्यातच बी पडायच्या आधी कंद उपटला तर पुढच्या वर्षी उगवणार काय? कपाळ!

म्हणूनच बाई हळूहळू प्रयोगशाळेतून रानाकडे वळल्या. १९५५ मध्ये प्रिन्स्टनला, माणसाने पृथ्वीचं रूप कसं पालटलं या विषयावर जगभरातले विद्वान जमले. बोलावलेल्यांत बाई एकट्याच. तिथे त्या भारतातल्या निर्वाहाच्या अर्थव्यवस्थेवर बोलल्या. पुढे काही काळ त्या आपल्या मुंबईत, भाभा अणुसंशोधन केंद्रातही होत्या. १९७० मध्ये मद्रासला गेल्या आणि जवळच्या मदुरावोयलला औषधी वनस्पतींची बाग जोपासू लागल्या.

तोवर केरळात सायलेंट व्हॅलीवर धरणाचं संकट आलं. कुंतिपुळा नदी अडवून सुमारे ८.३ चौरस किलोमीटर सदाहरित जंगल बुडणार होतं. ऐंशी वर्षांच्या बाईंनी आवाज उठवलाच, शिवाय तिथल्या झाडांची गुणसूत्रं तपासायचं काम अंगावर घेतलं. रान बुडालंच तर निदान त्याची नोंद तरी उरावी! आपल्याकडे या वयात माणसाला तीर्थयात्रेला जायचा सल्ला मिळतो.

१९८३ मध्ये धरण रद्द झालं. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी मदुरावोयलला बाई गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली. नऊ महिने कमी पडले.