झाकीरसाहेबांचे अर्थशास्त्र

डॉ. झाकीर हुसेन यांचे नाव निघाले की राष्ट्रपती भवन आठवते. त्याआधी तब्बल २२ वर्षे एका कर्जबाजारी शिक्षणसंस्थेची जबाबदारी त्यांच्या खांद्यावर होती, हे मात्र सहसा आठवत नाही. अर्थशास्त्राची मोठी पदवी घेतलेला हा माणूस आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे रिकाम्या तिजोरीशी झुंजत राहिला. घेतलेल्या शिक्षणाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न त्यांनी विशीतच स्वतःपुरता सोडवला होता.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादेत झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील कायमगंजचे. वडील फिदा हुसेन खान वकील होते. ते १९०७ मध्ये वारले आणि कुटुंब कायमगंजला परतले. झाकीर इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये शिकत असताना, १९११ मध्ये, प्लेगने आईही गेली. पोरक्या झालेल्या या मुलाने डॉक्टर व्हायचे ठरवले होते. त्यासाठी तो लखनौला गेलाही, पण आजारपणामुळे तो मार्ग सुटला. अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात येऊन १९१८ मध्ये त्यांनी बी.ए. केले. पुढे पदव्युत्तर अभ्यासासाठी अर्थशास्त्र निवडले आणि जोडीला कायदा घेतला. हुशारी अशी की शिकता शिकताच कॉलेजात शिकवण्याचे कामही मिळाले.

त्या काळी अलीगढची पदवी म्हणजे सरकारी हुद्द्याची वाट. ती डोळ्यांसमोर असतानाच ऑक्टोबर १९२० उजाडला. असहकाराची हाक घेऊन गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. कॉलेजने सरकारी अनुदान नाकारावे, ही मागणी विश्वस्तांनी मानली नाही. झाकीर हुसेन दिल्लीला जाऊन हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी अशा नेत्यांना भेटले. नवी राष्ट्रीय संस्था उभी राहणार असेल तर विद्यार्थी आणि शिक्षक बाहेर पडतील, असे त्यांचे सांगणे होते. २९ ऑक्टोबर १९२० रोजी, शुक्रवारी, अलीगढच्या कॉलेजच्या मशिदीत मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. तेवीस वर्षांच्या झाकीर हुसेन यांनी कॉलेज सोडले. जामियाचे पहिले वर्ग भाड्याच्या घरांत आणि तंबूंत भरू लागले.

कॉलेज सुटले, पण विषय सुटला नाही. एडविन कॅनन यांचे अर्थशास्त्राचे प्राथमिक पुस्तक त्यांनी उर्दूत आणले. आपल्या भाषेत विषय पोचला पाहिजे, ही तळमळ त्यामागे होती. मग उच्च शिक्षणासाठी ते बर्लिनला गेले. १९२३ च्या अखेरीस तिथे एका डॉलरला ४ लाख कोटींहून अधिक मार्क मोजावे लागत होते. आयुष्यभराची बचत मातीमोल होणे म्हणजे काय, हे त्या काळी बर्लिनमधल्या विद्यार्थ्याला पुस्तकात शोधावे लागत नव्हते. वर्नर झोम्बार्ट या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या हाताखाली त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील शेती व्यवस्थेवर प्रबंध लिहिला आणि १९२६ मध्ये डॉक्टरेट घेतली. मधल्या काळात गालिबच्या दिवानाची एक देखणी आवृत्ती बर्लिनच्या छापखान्यात निघाली. तिचे खिळे जुळवायला झाकीरसाहेब स्वतः बसत.

इकडे खिलाफत चळवळ ओसरल्याने जामियाचा पैशाचा ओघ आटला होता. संस्था बंद करावी की काय, अशी चर्चा सुरू होती. आम्ही येईपर्यंत ती बंद करू नका, आम्ही आमचे आयुष्य द्यायला तयार आहोत, असा निरोप त्यांनी बर्लिनहून पाठवला. १९२६ मध्ये आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब या मित्रांसह ते परतले. तोवर जामिया दिल्लीच्या करोलबागेत आली होती. २९ वर्षांचे झाकीरसाहेब तिचे कुलगुरू झाले.

हकीम अजमल खान खिशातून पैसे घालून संस्था चालवत होते. डिसेंबर १९२७ मध्ये तेही गेले. मागे उरले कर्ज. तेव्हा अर्थशास्त्राच्या या डॉक्टरांनी दोन गोष्टींना आधार दिला. पहिली म्हणजे शिक्षकांची शपथ. वीस वर्षे संस्था सोडायची नाही आणि महिन्याला १५० रुपयांहून अधिक वेतन घ्यायचे नाही. स्वतः झाकीरसाहेब त्याहूनही कमी घेत आणि तेही वेळेवर मिळेलच असे नसे. दुसरी गोष्ट म्हणजे ‘हमदर्दान-ए-जामिया’, अर्थात जामियाच्या हितचिंतकांची योजना. एका नवाबाच्या देणगीवर विसंबण्यापेक्षा हजारो सामान्यांकडून थोडे थोडे घ्यायचे. रमजानमध्ये घरोघरी फिरणाऱ्या पावतीपुस्तकांचा अर्थ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या हिशेबातली ताकद वेगळी सांगायला नको. मोठा दाता रुसला तर संस्था कोसळते. लहान दात्यांमुळे ती लोकांची होते.

याच माणसाला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला बोलावले. हस्तोद्योगातून शिक्षण देणाऱ्या नई तालीम योजनेच्या समितीचे ते अध्यक्ष झाले. मुलांच्या हातच्या वस्तू विकून शाळेचा खर्च निघावा, ही कल्पना होती. पैशाची तंगी झाकीरसाहेबांइतकी कुणी भोगली होती? तरीही सावध केले ते त्यांनीच. कमाईकडे फार लक्ष गेले तर शिक्षक मुलांकडून राबवून घेणारा मुकादम होईल, अशी भीती त्यांनी मांडली. खर्च भागवणे गरजेचे असले, तरी त्याचा बोजा मुलावर पडता कामा नये, ही त्यांची भूमिका होती.

पुढे दिल्ली विद्यापीठात त्यांनी भांडवलशाहीवर दिलेली व्याख्याने पुस्तकरूपाने आली. १९४८ मध्ये ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या आवारातून ते २८ वर्षांपूर्वी बाहेर पडले होते, तिथेच फाळणीने हादरलेल्या विद्यार्थ्यांना धीर देण्यासाठी त्यांना परतावे लागले. नंतर बिहारचे राज्यपालपद, उपराष्ट्रपतिपद, १९६३ मध्ये भारतरत्न आणि १९६७ मध्ये राष्ट्रपतिपद. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

आज अर्थशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेणारा विद्यार्थी नोकरीचा विचार करतो, त्यात गैर काही नाही. घर चालवायला पगार लागतोच, तो झाकीरसाहेबांनाही लागत होता. मात्र शिकलेले ज्ञान आपल्या घराच्या उंबऱ्यापलीकडे किती जणांच्या उपयोगी पडले, हाही एक हिशेब असतो. तो त्यांनी आयुष्यभर मांडला. त्यांची कबर दिल्लीत जामियाच्या आवारात आहे. बंद पडू नये म्हणून ज्या संस्थेसाठी त्यांनी बर्लिनहून निरोप धाडला होता, तिथे आज हजारो मुले-मुली शिकतात.