पुण्याची माउली सावित्रीबाई

मनुष्याचें वय झालें म्हणजे त्यानें विसावा घ्यावा असें आपण मानतों, आणि तें बहुधा योग्यहि असतें. परंतु ज्यांचें सर्वांत मोठें काम आयुष्याच्या सायंकाळीं झालें, अशा एका बाईंचें चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

सावित्रीबाईंचा जन्म ता. ३ जानेवारी १८३१ रोजीं सातारा जिल्ह्यांतील नायगांव येथें, खंडोजी नेवसे पाटील यांचे घरीं झाला. १८४० सालीं जोतीराव फुले यांच्याशीं विवाह होऊन त्या पुण्याच्या झाल्या, त्या अखेरपर्यंत.

जोतीराव हे पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले होते. अहमदनगर येथें मिस फेरार यांची मुलींची शाळा पाहून, तशीच शाळा आपल्या गांवीं काढावी असें त्यांच्या मनानें घेतलें. पत्नीस त्यांनीं स्वतः शिकविलें, व १८४८ सालीं बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा उघडली. तेथें शिकविण्यास जातांना सावित्रीबाईंच्या अंगावर लोक चिखल व शेण टाकीत. त्या जवळ दुसरें लुगडें ठेवीत, शाळेंत पोंचल्यावर तें नेसत, आणि धडा सुरू करीत.

ज्या गांवानें असा छळ केला, त्या गांवावर त्यांनीं राग धरला नाहीं. १८६३ सालीं या दांपत्यानें निराधार विधवांकरितां व त्यांच्या अर्भकांकरितां आपल्या घरीं आश्रय उघडला. तेथेंच जन्मलेलें एक मूल दत्तक घेऊन त्यांनीं त्यास वाढविलें. तोच पुढें डॉक्टर यशवंत झाला. १८६८ सालीं घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. १८७७ च्या दुष्काळांत उपाशी मुलांच्या अन्नाची सोय केली.

ता. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव निवर्तले. अंत्ययात्रेंत टिटवें स्वतः सावित्रीबाईंनीं धरलें. स्त्रीनें असें करणें त्या काळीं अघटितच होतें. पतीचें कार्य मात्र थांबलें नाहीं. सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनीं उचलली, व १८९३ सालीं सासवड येथील परिषदेचें अध्यक्षपद भूषविलें.

१८९७ सालीं पुण्यांत प्लेगनें थैमान मांडलें. लोक घरेंदारें सोडून जात होते. अशा वेळीं सावित्रीबाईंनीं यशवंतांस बोलावून घेतलें, व गांवाबाहेर हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यांत रुग्णांकरितां दवाखाना सुरू करविला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तींत एक मुलगा तापानें फणफणत असल्याचें कळतांच त्या तेथें गेल्या, व त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यांत आल्या. तेव्हां त्यांचें वय ६६ वर्षांचें होतें. याच सेवेंत त्यांना प्लेगनें गांठलें, आणि ता. १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

सावित्रीबाई ख्रिस्ती मंडळींतल्या नव्हत्या. परंतु चांगल्या शोमरोन्याचा दाखला आमच्या मुलांस शिकवितांना पाठीवर मूल घेतलेली ही वृद्ध माउली आमच्या डोळ्यांपुढें उभी राहते. २०१४ सालीं पुणें विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें; ज्या शहरानें शेण टाकलें, त्याच शहरानें तें नांव मस्तकीं धारण केलें.

मुलींनो, आज तुम्ही निर्भयपणें शाळेची वाट चालतां, ती कोणीतरी तुमच्याकरितां चिखल सोसून मोकळी केली आहे. आणि पालकहो, आपल्या घरांतील वृद्धांस निरुपयोगी समजूं नका. त्यांच्या थकल्या हातांतून अजून पुष्कळ सेवा व्हावयाची असेल.