डोरोथी वर्डस्वर्थ : सरोवरांच्या प्रदेशातील प्रवासी

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• डोरोथी वर्डस्वर्थ हिच्या जीवनाची रूपरेषा सांगता येईल.
• रोजनिशी, पत्र आणि प्रवासवर्णन यांतील परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• लेखन आणि लेखकाचे नाव यांच्या नात्याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर सामान्यतः छापील पुस्तक येते. त्यावर लेखकाचे नाव असते, प्रस्तावना असते आणि वाचकांना उद्देशून केलेले निवेदन असते. परंतु प्रवासाविषयीचे पुष्कळसे मोलाचे लेखन मुळात छापण्यासाठी लिहिलेलेच नसते. ते वहीत राहते, पत्रातून एखाद्या स्नेह्याकडे जाते, किंवा घरातील माणसांनी वाचून फडताळात ठेवून दिलेले असते. आपल्याकडे गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ लिहून झाल्यावर कितीतरी वर्षांनी, १९०७ साली प्रसिद्ध झाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. या घटकात आपण अशाच एका इंग्रज लेखिकेचा परिचय करून घेणार आहोत. तिने आयुष्यभर डोंगर, दऱ्या आणि सरोवरे पायी पाहिली, पाहिलेले बारकाईने लिहून ठेवले. पण तिच्या हयातीत तिच्या नावाने एकही पुस्तक निघाले नाही.

बालपण : घर हरवणे आणि सापडणे

इंग्लंडच्या वायव्येला कंबरलंड आणि वेस्टमोरलंड हे डोंगराळ परगणे होते. प्राचीन हिमनद्यांनी येथील डोंगर कोरून खोल दऱ्या निर्माण केल्या आणि त्या दऱ्यांत पाणी साठून लांबट सरोवरे तयार झाली. विंडरमियर, अल्सवॉटर, डर्वेंटवॉटर, ग्रासमियर ही त्यांपैकी काही. या नावांकडे भाषेच्या दृष्टीनेही पाहा. ‘मियर’ हा जुन्या इंग्रजीतील तळ्याचा शब्द आहे. तर डोंगरावरील लहान तळ्यासाठीचा ‘टार्न’, ओढ्यासाठीचा ‘बेक’ आणि डोंगरासाठीचा ‘फेल’ हे शब्द उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांनी मागे ठेवले आहेत. आपण जसा तळे, डोह, कुंड आणि टाके यांत भेद करतो, तसाच भेद तेथील शेतकरी आणि मेंढपाळही करीत आले.

या प्रदेशाच्या कडेवरील कॉकरमथ या गावी २५ डिसेंबर १७७१ रोजी डोरोथीचा जन्म झाला. वडील वकील होते. पाच भावंडांत ती एकटीच मुलगी. पुढे थोर कवी म्हणून ख्याती पावलेला विल्यम तिच्याहून पावणेदोन वर्षांनी मोठा होता. १७७८ साली आई वारली आणि सहा वर्षांच्या डोरोथीला हॅलिफॅक्स येथे आईच्या नात्यातील एका बाईंकडे पाठविण्यात आले. भाऊ एकीकडे, ती दुसरीकडे. १७८३ च्या अखेरीस वडीलही गेले. एका जमीनदाराकडून वडिलांना येणे असलेली मोठी रक्कम वारसांना पुढे सुमारे दोन दशके मिळू शकली नाही. परिणामी ही भावंडे नातेवाइकांच्या आधाराने वाढली. डोरोथीची आणि भावांची पुन्हा भेट झाली तेव्हा नऊ वर्षे लोटली होती. त्यानंतर काही काळ ती आजोळी पेनरिथला आणि मग नॉरफोकमध्ये मामाच्या घरी राहिली.

हा तपशील लक्षात ठेवा. पुढील आयुष्यात डोरोथी ज्या आस्थेने घर, चूल, बाग आणि वाट यांविषयी लिहिते, त्या आस्थेचे मूळ या दीर्घ ताटातुटीत आहे.

१७९४ च्या वसंतात विल्यमबरोबर ती केंडलहून ग्रासमियरमार्गे केझिकपर्यंत पायी गेली. तरुण मुलीने असे मैलोन्‌मैल चालत फिरणे नातेवाइकांना रुचले नाही. तिने मात्र पत्र लिहून आपली बाजू ठामपणे मांडली. १७९५ पासून भाऊबहीण एकत्र राहू लागली. आधी डॉर्सेटमध्ये, नंतर सॉमरसेटमध्ये. तेथे कवी कोलरिज यांचा सहवास लाभला आणि १७९८ च्या आरंभी डोरोथीने पहिली ज्ञात रोजनिशी लिहिली.

ग्रासमियरची रोजनिशी

डिसेंबर १७९९ मध्ये दोघे ग्रासमियरच्या सरोवराकाठी एका लहानशा घरात राहावयास आली. पुढे ‘डव्ह कॉटेज’ या नावाने ते घर प्रसिद्ध झाले. १४ मे १८०० रोजी विल्यम आणि दुसरा भाऊ जॉन काही दिवसांसाठी प्रवासाला गेले. मागे राहिलेल्या डोरोथीने त्याच दिवशी वही उघडली. विल्यम परत आल्यावर त्याला वाचून आनंद व्हावा, एवढाच तिचा हेतू होता. ही रोजनिशी जानेवारी १८०३ पर्यंत चालली.

या वहीत काय आहे? भाकरी भाजणे, कपडे धुणे, वाटाणे पेरणे, डोकेदुखी, भावाच्या कवितांच्या नकला करणे आणि दररोजचे चालणे. सरोवराचा रंग सकाळी कसा होता, संध्याकाळी कसा झाला, वारा कोणत्या बाजूने होता, हे ती नोंदविते. तसेच रस्त्यावर भेटणारी माणसेही तिच्या नजरेतून सुटत नाहीत. तो फ्रान्सबरोबरच्या युद्धाचा काळ होता. भिक्षा मागणाऱ्या स्त्रिया, घरी परतणारे सैनिक, कामधंदा गेलेली माणसे तिच्या दारावरून जात. त्यांचे कपडे, त्यांचे बोलणे, त्यांनी सांगितलेली हकीकत ती थोड्या शब्दांत लिहून ठेवते. १८०० च्या शरदात भेटलेल्या, जळवा गोळा करून पोट भरणाऱ्या एका वृद्धाची नोंद तिने केली. सुमारे दीड वर्षाने त्याच भेटीवर विल्यमने एक दीर्घ कविता रचली.

सर्वांत परिचित उदाहरण १५ एप्रिल १८०२ चे आहे. त्या दिवशी भाऊबहीण अल्सवॉटरच्या काठाने घराकडे परतत होती. वारा जोराचा होता. पाण्याच्या कडेला पिवळ्या डॅफोडिल फुलांचा लांबच लांब पट्टा त्यांना दिसला. डोरोथीने त्या पट्ट्याची रुंदी, शेवाळलेल्या दगडांमधून उगवलेली फुले आणि सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याने त्यांची झालेली हालचाल टिपली. दोन वर्षांनी विल्यमने त्या दृश्यावर जी कविता लिहिली, ती जगभर पाठ्यपुस्तकांतून शिकविली जाते. त्या कवितेतील निवेदक एकटा आहे. प्रत्यक्षात त्या काठावर दोघे होते.

येथे घाईने निष्कर्ष काढू नका. विल्यमने बहिणीची फुले चोरली, असे म्हणणे सोपे आहे. परंतु कविता आणि नोंद यांचे काम वेगळे असते. कविता आठवणीतून एक अनुभव घडविते. नोंद त्या दिवसाशी प्रामाणिक राहते. विल्यमने आपल्या काव्यात बहिणीचे ऋण अनेकदा मान्यही केले आहे. तरीसुद्धा एक प्रश्न उरतोच. दोन माणसांनी पाहिलेल्या दृश्याला जगाने एकाच माणसाचे नाव का दिले?

स्कॉटलंडचा प्रवास

ऑक्टोबर १८०२ मध्ये विल्यमचा विवाह मेरी हचिन्सन हिच्याशी झाला. मेरी ही डोरोथीची बालपणापासूनची मैत्रीण. डोरोथी त्यांच्याच घरात राहिली. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये भाऊबहीण आणि कोलरिज एका घोड्याच्या उघड्या गाडीतून स्कॉटलंडला निघाले. मेरी तान्ह्या मुलासह घरी थांबली. कोलरिज सुमारे दोन आठवड्यांनी वेगळे झाले. उरलेल्या दोघांनी एकंदर सहा आठवड्यांत सुमारे ६६० मैलांचा प्रवास केला.

लोमंड आणि कॅट्रिन या सरोवरांच्या परिसरातील तिचे वर्णन वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. त्या काळी निसर्ग पाहण्याची एक ठरीव पद्धत रूढ झाली होती. अमुक ठिकाणी उभे राहावे, चित्राच्या चौकटीप्रमाणे दृश्य न्याहाळावे आणि पुढे जावे, असे मार्गदर्शक पुस्तके सांगत. डोरोथीला ही पद्धत माहीत होती, परंतु ती तेवढ्यावर थांबत नाही. कॅट्रिन सरोवराकाठी एका नावाड्याच्या झोपडीत त्यांनी रात्र काढली. तेथे एकाच छपराखाली माणसे आणि गुरे राहत. धुराने काळवंडलेल्या तुळयांवर चुलीचा उजेड कसा पडत होता, हे ती सरोवराच्या वर्णनाइतक्याच तन्मयतेने सांगते. दरी सुंदर असते आणि त्या दरीत कोणीतरी कष्टाने जगत असते, या दोन्ही गोष्टी तिच्या लेखनात एकत्र नांदतात.

हे प्रवासवर्णन तिने घरी परतल्यावर आठवणीतून सिद्ध केले. स्नेह्यांसाठी त्याच्या हस्तलिखित प्रती तयार झाल्या. पुढे १८२० नंतरच्या काळात ते छापण्याविषयी बोलणी झाली, पण तडीस गेली नाहीत. अखेर १८७४ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर १९ वर्षांनी, ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

स्काफेल पाइकचे शिखर

७ ऑक्टोबर १८१८ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, डोरोथीने मेरी बार्कर या मैत्रिणीसह इंग्लंडमधील सर्वोच्च शिखर, स्काफेल पाइक, पायी गाठले. बरोबर मैत्रिणीची मोलकरीण, वाटाड्या आणि सामान वाहणारा एक माणूस होता. हे शिखर ९७८ मीटर उंच आहे. हिमालयाच्या मानाने ही उंची थोडी वाटेल. परंतु त्या काळात स्त्रियांनी आपल्या हौसेने अशी चढाई करणे दुर्मीळ होते, हे विसरू नये.

काही दिवसांनी तिने एका स्नेह्याला पत्रातून ही हकीकत कळविली. शिखरावर गवत नाही, केवळ दगडांची रास आणि त्यांवरील दगडफूल. हवा इतकी निश्चल की कसलाही आवाज नाही. दूर समुद्रावर एक जहाज दिसले. वाटाड्याने मात्र ते जहाज असल्याबद्दल शंका व्यक्त केली. मग त्या आकृतीचे रूप पालटत गेले आणि तो ढग असल्याचे उघड झाले. सारे हसले. आपली चूक तिने लपविली नाही. उलट, पुढे कधी स्वतःच्या मताविषयी फार खात्री वाटू लागली तर हे जहाज आठवावे, असा बोध घेतला. प्रवासलेखकाचा प्रामाणिकपणा म्हणजे काय, हे या प्रसंगातून शिकता येते.

विल्यमने सरोवरांच्या प्रदेशाविषयी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले होते. त्याचे पहिले रूप १८१० मध्ये एका चित्रसंग्रहासोबत निनावी प्रसिद्ध झाले होते. १८२२ च्या आवृत्तीत त्याने डोरोथीच्या पत्रातील हा मजकूर थोडा फेरफार करून समाविष्ट केला. लेखिकेचे नाव मात्र दिले नाही. पुढील आवृत्तीत अल्सवॉटरच्या सहलीचे वर्णनही तिच्याच नोंदींच्या आधारे आले. साहजिकच अनेक वाचकांनी ती चढाई विल्यमचीच मानली.

नाव न देण्याचा प्रश्न

हा अन्याय होता की निवड? पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो. मार्च १८०८ मध्ये ग्रासमियरजवळचे एक गरीब शेतकरी दांपत्य डोंगर ओलांडताना हिमवादळात मरण पावले. त्यांची सहा लहान मुले घरी एकटी होती. मुलांसाठी मदत गोळा व्हावी म्हणून डोरोथीने त्या घटनेचा वृत्तांत लिहिला. तो छापावा असा आग्रह झाला, तेव्हा तिने नकार दिला. मुले हयात आहेत, त्यांच्या दुःखाकडे लोकांनी कुतूहलाने पाहू नये, ही तिची भूमिका होती. लेखिका म्हणून मिरविण्याची कल्पनाही तिला आवडत नव्हती, हे तिच्या पत्रावरून कळते. १८१५ च्या विल्यमच्या काव्यसंग्रहात तिच्या काही कविता आल्या, त्याही एका स्त्री-स्नेह्याच्या म्हणून, नावाशिवाय.

परंतु स्कॉटलंडचे वर्णन छापण्यास ती एकदा राजी झाली होती, हेही खरे. म्हणजे तिची अनिच्छा सर्वकाळ सारखी नव्हती. ज्या समाजात स्त्रीने लेखिका होणे हेच धाडस समजले जाई, तेथे निवड आणि अपरिहार्यता यांची सीमारेषा नेहमी स्पष्ट नसते. माझ्या मते, तिचा नकार आपण आदराने स्वीकारावा. पण त्या नकाराचा आधार घेऊन तिचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर मांडू नये.

अखेरची वर्षे

१८१३ पासून कुटुंब रायडल माउंट येथे राहत होते. १८२० मध्ये डोरोथीने स्वित्झर्लंड आणि इटलीतील सरोवरे पाहिली व त्या प्रवासाचीही दीर्घ रोजनिशी लिहिली. १८२९ मध्ये पुतण्याचे घर सांभाळण्यासाठी गेली असता तिला गंभीर आजार झाला. १८३५ नंतर तिची स्मृती व मनःस्थितीही ढासळली. जी स्त्री एका दिवसात कित्येक मैल चालत असे, तिची शेवटची वीस वर्षे बहुतांशी खोलीत आणि चाकांच्या खुर्चीतून बागेत गेली. जुन्या कविता मात्र तिला पाठ म्हणता येत. विल्यम १८५० मध्ये वारला. २५ जानेवारी १८५५ रोजी डोरोथीचे निधन झाले. ग्रासमियरच्या चर्चच्या आवारात भावाजवळच तिची कबर आहे.

समारोप

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून, मिळेल त्या वेळात अभ्यास करीत आहात. डोरोथीनेही भाकरी भाजून झाल्यावर, आजाऱ्याची उशी नीट करून झाल्यावर वही हातात घेतली. विद्यापीठाचे दार तिच्या काळी स्त्रियांना बंद होते. पाहिलेले अचूक शब्दांत मांडण्याची शिस्त तिने स्वतःच स्वतःला लावून घेतली. आज तिच्या रोजनिशा स्वतंत्र साहित्यकृती म्हणून अभ्यासल्या जातात. तुमच्या घरातही आजीने किंवा आईने लिहिलेली एखादी यात्रेची वही असू शकेल. ती शोधा, वाचा आणि तिच्यावर लिहिणाऱ्या व्यक्तीचे नाव व साल नोंदवून ठेवा.

स्वाध्याय

१. डोरोथीच्या बालपणीच्या अनुभवांचा तिच्या लेखनाशी असलेला संबंध स्पष्ट करा.
२. १५ एप्रिल १८०२ च्या प्रसंगाच्या आधारे नोंद आणि कविता यांतील फरक सांगा.
३. स्काफेल पाइकवरील जहाजाच्या प्रसंगातून प्रवासलेखकाचा कोणता गुण दिसतो?
४. उपक्रम : तुमच्या परिसरातील एखादे तळे किंवा दरी सलग सात दिवस एकाच वेळी पाहा आणि रोज पाच ओळींची नोंद करा. तेथे काम करणारी माणसे नोंदीतून वगळू नका.