धर्मपरिषदेतील वारकरी : कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे

आषाढी एकादशीस पंढरीच्या वाळवंटी जो भक्तांचा मेळा जमतो, त्यास कोणी निमंत्रण धाडीत नाही. पाश्चात्त्य देशांत धर्मनिष्ठ तरुणांना एकत्र आणण्याची रीत निराळी आहे. तेथे परिषदा भरवितात, व्याख्याने व प्रार्थना होतात आणि मग सेवेची कामे वाटून घेतली जातात. ख्रिस्ती तरुणांचा पहिला संघ लंडनमध्ये १८४४ साली निघाला, तर निरनिराळ्या देशांतील ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा महासंघ १८९५ साली स्वीडनमध्ये स्थापन झाला. या रीतीचे मर्म त्यांच्याच देशी राहून जाणून घेणारा आणि तरीही आपल्या विठ्ठलाला न अंतरलेला एक महाराष्ट्रीय पुरुष होऊन गेला. आजच्या पर्वकाळी त्याचे स्मरण करणे उचित होय.

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. वडील रामजीबाबा पंढरीचे वारकरी, तर माता यमुनाबाई सात्त्विक वृत्तीच्या. घरी येणाऱ्या अतिथीची जात विचारण्याची चाल नव्हती. भजन आणि समता यांचे बाळकडू त्या मुलास एकाच वाटीतून मिळाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १८९८ साली ते बी. ए. झाले. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांचे साह्य त्यांस लाभले होते. पुढे वकिलीचा मार्ग मोकळा होता; परंतु प्रार्थनासमाजाच्या सहवासात चित्त धर्मकार्याकडे वळले आणि वकिली मागे पडली.

१९०१ च्या सप्टेंबरात ते विलायतेस निघाले. ऑक्सफर्डचे मँचेस्टर कॉलेज हे युनिटेरियन पंथाच्या लोकांचे विद्यापीठ. ईश्वर एकच, असे मानणारे हे ख्रिस्ती. तेथे शिकणाऱ्याने अमुक मत स्वीकारलेच पाहिजे, अशी अट नव्हती. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारख्या गुरूंपाशी शिंदे यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला, पाली भाषा व बौद्ध धर्म यांचेही अध्ययन केले. केवळ ग्रंथांवर ते संतुष्ट राहिले नाहीत. रविवारच्या उपासना, तरुणांचे मेळावे, लंडनच्या दरिद्री वस्त्यांत चालणारी मिशनची कामे त्यांनी डोळसपणे पाहिली आणि तेथील वृत्तांत सुबोधपत्रिकेतून महाराष्ट्रास कळविला.

१९०३ च्या सप्टेंबरात हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम नगरीत उदार धर्ममतवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. नाना देशांचे धर्मपंडित जमले होते. त्या सभेत तीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने भारतातील उदार धर्मावर निबंध वाचला. वारकऱ्याचा मुलगा ख्रिस्ती धर्मवेत्त्यांच्या सभेत उभा राहिला, तो याचक म्हणून नव्हे, तर भारताचा प्रतिनिधी म्हणून.

आता कोणी विचारील की, परक्यांच्या सभेत जाऊन त्यांनी आणले ते काय? आम्ही कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धांत मांडतो आणि उत्तररंगात त्याचे आख्यान लावतो. उत्तररंगावाचून कीर्तन अपुरे राहते. शिंदे यांनी परदेशी नेमके हेच पाहिले : उपासना हा पूर्वरंग आणि सेवा हा उत्तररंग. आपल्याकडे भक्तीला तोटा नव्हता. उणीव होती ती भक्तीला नित्याच्या, संघटित सेवेची जोड देण्याची.

ऑक्टोबर १९०३ मध्ये ते परतले आणि मुंबईस प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. तरुणांचा ब्राह्म संघ, मुलांसाठी रविवारचे धर्मशिक्षण, प्रांतोप्रांतीच्या एकेश्वरी धर्मपरिषदा, अशा मार्गांनी त्यांनी नव्या पिढीस धर्मकार्याकडे वळविले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ स्थापिले. शाळा निघाल्या, वसतिगृहे निघाली. भगिनी जनाबाईंसह सारे कुटुंब या कार्यात उतरले. पुण्याच्या नाना पेठेतील अहल्याश्रम हे त्याच तपाचे फळ. १९१७ साली काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात अस्पृश्यतानिवारणाचा ठराव झाला, त्यामागेही त्यांचे परिश्रम होते. १९३० साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, कायदेभंगात त्यांनी कारावास पत्करला.

मिरजोळे व आसपासच्या गावांहून रत्नागिरी शहरात जाणाऱ्या भाविकांस पतितपावन मंदिर ठाऊकच आहे. सर्व हिंदूंना मुक्तद्वार असलेले हे मंदिर भागोजीशेठ कीर यांनी बांधले आणि १९३१ साली ते उघडले. पुढे १९३३ साली कर्मवीर शिंदे रत्नागिरीस आले आणि येथील अस्पृश्यतानिवारणाचे कार्य पाहून त्यांना धन्यता वाटली.

मूर्तिपूजा त्यांना मान्य नव्हती. आपण नित्य देवपूजा करणारे. या बाबतीत त्यांचा मार्ग आपल्याहून वेगळा होता, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु एकाच देवाची लेकरे म्हणून सर्वांस जवळ करण्याचा जो भागवत धर्म, तो त्यांनी आचरणात आणला. ख्रिस्ती विद्यालयात शिकून ते ख्रिस्ती झाले नाहीत. संतांची कास त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. परक्याच्या अंगणातील दिव्यावर आपला दिवा लावून घेतला, म्हणून घर परक्याचे होत नाही. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचा देह पडला.

आज उपवास करू, हरिपाठ म्हणू, तुळशीस प्रदक्षिणा घालू. पण वेशीबाहेर ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या उभे ठेवले, त्याच्या घरचे पाणी आपण आज निःशंक मनाने पितो काय, हाही प्रश्न देवासमोर बसून स्वतःस विचारू. त्याचे उत्तर होकारार्थी आले, तरच एकादशीचे व्रत पूर्ण झाले असे समजावे.