वेदनायगम सॅम्युएल अझरिया

वेदनायगम सॅम्युएल अझरिया (जन्म: १७ ऑगस्ट १८७४, मृत्यू: १ जानेवारी १९४५, दोर्नाकल) हे अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप आणि दक्षिण भारतातील ख्रिस्ती ऐक्याच्या चळवळीचे एक प्रमुख प्रवर्तक होते. १९१९ साली तरंगमपाडी येथे त्यांच्या पुढाकाराने ऐक्याचे जे आवाहन निघाले, त्यातूनच १९४७ मध्ये दक्षिण भारत मंडळी (चर्च ऑफ साउथ इंडिया) स्थापन झाली. ती पाहण्यास मात्र अझरिया हयात नव्हते.

पूर्वायुष्य

अझरियांचा जन्म तमिळ प्रदेशातील तत्कालीन तिरुनेलवेली जिल्ह्यात वेल्लालनविलै या खेड्यात, नाडार समाजातील ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील थॉमस वेदनायगम हे गावातील पाळक होते. अझरिया लहान असतानाच वडिलांचे निधन झाले आणि त्यांचे संगोपन आईने केले. पुढे मद्रास ख्रिश्चन कॉलेजात त्यांनी गणिताचा अभ्यास केला, परंतु अंतिम परीक्षेच्या वेळी आजारी पडल्याने पदवी हाती आली नाही.

तिरुनेलवेलीतील परिस्थिती त्यांच्या पुढील विचारांच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे अँग्लिकन पंथाच्याच दोन इंग्लिश मिशनरी संस्था आपापली क्षेत्रे वाटून घेऊन काम करीत. पंथ एक असूनही शाळा, पाळक आणि व्यवस्था वेगळ्या, आणि त्या सर्वांच्या आत जातीचे भेद होतेच.

१८९५ पासून १९०९ पर्यंत अझरियांनी वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती युवक संघटनेचे चिटणीस म्हणून दक्षिण भारतात काम केले. या संघटनेत निरनिराळ्या पंथांचे तरुण एकत्र येत, त्यामुळे पंथभेद बाजूला ठेवून काम करण्याची सवय त्यांना येथेच लागली. के. टी. पॉल आणि अमेरिकन मिशनरी शेरवूड एडी हे त्यांचे या काळातील निकटचे सहकारी. १८९८ मध्ये त्यांचा विवाह अन्बू मरियम्मल यांच्याशी झाला. भारतात धर्मप्रसार भारतीयांनीच, भारतीय पैशाने आणि भारतीय व्यवस्थेखाली करावा, या विचाराने त्यांनी १९०३ मध्ये तिरुनेलवेलीची भारतीय मिशनरी संस्था आणि १९०५ मध्ये सेरामपूर येथे राष्ट्रीय मिशनरी संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला. यांपैकी दुसरी संस्था अनेक पंथांची मिळून होती.

एडिनबरो, १९१०

१९०९ मध्ये दीक्षा घेऊन अझरिया निजामाच्या हैदराबाद संस्थानातील दोर्नाकल येथे मिशनरी म्हणून गेले आणि तेलुगू शिकले. पुढच्याच वर्षी एडिनबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. बाराशेहून अधिक प्रतिनिधींच्या या सभेत आशियातील प्रतिनिधी वीसही नव्हते. अझरियांनी तेथे परदेशी मिशनरी आणि देशी कार्यकर्ते यांच्या संबंधांवर भाषण केले. मिशनरी त्यागाला तयार असतात, पैसा देतात, पण देशी सहकाऱ्याला बरोबरीचा मित्र मानत नाहीत, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. श्रोत्यांपैकी अनेकांना ते रुचले नाही. या परिषदेस आधुनिक ख्रिस्ती ऐक्य चळवळीचा आरंभ मानले जाते. त्याच परिषदेत एका भारतीयाने वर्णभेदाचा प्रश्न उघडपणे मांडला, ही गोष्ट तिच्या इतिहासात पुढे वारंवार सांगितली गेली.

दोर्नाकलचे बिशप

मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांच्या आग्रहामुळे दोर्नाकल हा नवा धर्मप्रांत निर्माण झाला आणि २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये अझरियांना बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. या नेमणुकीस युरोपीयांप्रमाणेच काही भारतीय ख्रिस्ती लोकांचाही विरोध होता.

धर्मप्रांतातील बहुसंख्य लोक माला आणि मादिगा या अस्पृश्य मानल्या गेलेल्या दोन समाजांतून आलेले होते. या दोन समाजांत परस्पर रोटीव्यवहार नव्हता, आणि बाप्तिस्म्यानंतरही ही भिंत सहजासहजी पडत नव्हती. दोघांनी एकाच प्रभुभोजनास बसावे, असा अझरियांचा आग्रह होता. त्यांनी ग्रामीण शिक्षक आणि भारतीय पाळक मोठ्या संख्येने तयार केले, आणि स्वतः बैलगाडीने व पायी खेडोपाडी प्रवास केला. १९२० मध्ये शेजारचे तेलुगू क्षेत्र जोडले गेल्यावर धर्मप्रांत बराच विस्तारला, आणि १९४० च्या सुमारास तेथील ख्रिस्ती लोकसंख्या दोन लाखांच्या वर गेली. ६ जानेवारी १९३९ रोजी दोर्नाकल येथे अर्पण झालेल्या कॅथेड्रलच्या बांधणीत हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती वास्तुशैलींचा मेळ आहे.

ऐक्याचा प्रश्न

तेलुगू प्रदेशात मिशनरी संस्थांनी आपसांत क्षेत्रे वाटून घेतली होती. गुंटूरकडे लुथरन, ओंगोलकडे बॅप्टिस्ट, मेदककडे वेस्लियन मेथडिस्ट, मछलीपट्टणमकडे अँग्लिकन अशी साधारण वाटणी होती. शेतमजूर कोणत्या पंथाचा होणार हे तो कोठे राहतो यावर ठरे. युरोपातील ज्या वादांतून हे पंथ निघाले, त्यांच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. कामासाठी तो दुसऱ्या तालुक्यात गेला की मात्र तेथील प्रभुभोजनास तो परका ठरे. जातीची फूट मोडण्यासाठी ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या वाट्याला दुसरी फूट यावी, ही विसंगती अझरियांना असह्य वाटे.

१ आणि २ मे १९१९ रोजी तरंगमपाडी येथे ३३ जणांची बैठक झाली. त्यांपैकी दोघे वगळता सर्व भारतीय होते. १७०६ मध्ये पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी भारतात जेथे उतरले, तेच हे गाव. बैठकीतून निघालेल्या आवाहनात पवित्र शास्त्र, दोन प्राचीन मतांगीकार, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन संस्कार आणि बिशपांची ऐतिहासिक परंपरा हा ऐक्याचा पाया सुचविण्यात आला होता. प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांची १९०८ मध्ये बनलेली दक्षिण भारत संयुक्त मंडळी आणि अँग्लिकन मंडळी यांच्यात १९२० पासून रीतसर वाटाघाटी सुरू झाल्या. १९२५ मध्ये वेस्लियन मेथडिस्ट त्यात आले.

वाटाघाटी सव्वीस वर्षांहून अधिक काळ चालल्या, आणि त्यांची गाठ एकाच ठिकाणी होती. बिशपाच्या हातून दीक्षा न झालेल्या पाळकाला खरा पाळक मानावे काय? अँग्लिकनांमधील एक गट ते मानण्यास तयार नव्हता. उलट काँग्रिगेशनल लोकांना पुन्हा दीक्षा घेणे म्हणजे आपली आजवरची सेवा खोटी ठरवणे वाटे, आणि बिशपांच्या अधिकाराचीही धास्ती होती. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या योजनेत मध्यममार्ग निघाला. सर्व विद्यमान पाळक पुनर्दीक्षेवाचून स्वीकारायचे, यापुढील दीक्षा बिशपांकडूनच व्हायची, आणि उरलेल्या प्रश्नांचा निर्णय तीस वर्षांनी घ्यायचा. कोणत्याही स्थानिक मंडळीवर तिला नको असलेला पाळक लादला जाणार नाही, असेही आश्वासन होते. या योजनेच्या घडणीत मुंबईचे बिशप एडविन जेम्स पामर यांचा वाटा मोठा होता. इंग्लंडमध्ये तिच्यावर टीका होतच राहिली. कवी टी. एस. एलियट यांनी १९४३ मध्ये तिच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली.

अझरिया स्वतः बिशपपदाच्या परंपरेचे कट्टर समर्थक होते, त्यामुळे त्यांच्यावर पंथनिष्ठा सोडल्याचा आरोप करणे विरोधकांना सोपे गेले नाही. लॉझान येथील १९२७ च्या ख्रिस्ती ऐक्य परिषदेत त्यांनी भारतीय मंडळ्यांची निकड मांडली. १९२९ पासून अखेरपर्यंत ते राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचे अध्यक्ष होते.

राजकारणातही त्यांनी हीच दृष्टी ठेवली आणि ख्रिस्ती लोकांसाठी स्वतंत्र मतदारसंघांना विरोध केला. दुसरीकडे तेलुगू प्रदेशातील सामूहिक धर्मांतरांबद्दल महात्मा गांधींशी त्यांचा तीव्र मतभेद होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केल्यानंतर या वादास धार आली. आंबेडकरांनी ख्रिस्ती मंडळ्यांच्या फुटीविषयी विचारले असता अझरियांना समाधानकारक उत्तर देता आले नाही व त्याची त्यांना लाज वाटली, अशी आठवण ऐक्य चळवळीविषयीच्या लेखनात सांगितली जाते.

मृत्यू आणि नंतर

१ जानेवारी १९४५ रोजी अझरियांचे दोर्नाकल येथे निधन झाले. त्याच महिन्यात अँग्लिकन मंडळीच्या सर्वसाधारण परिषदेने ऐक्य योजनेस मंजुरी दिली. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये दक्षिण भारत मंडळीची स्थापना झाली. बिशप असलेल्या आणि नसलेल्या मंडळ्यांचे असे एकीकरण पूर्वी कोठे झालेले नव्हते. लुथरन आणि बहुतेक बॅप्टिस्ट त्यात आले नाहीत. खुद्द अझरियांच्या धर्मप्रांतातील नंद्याळ भागातील अनेक अँग्लिकनांनीही सामील होण्यास नकार दिला आणि ते दीर्घकाळ बाहेर राहिले. उत्तरेकडे अशाच वाटाघाटींतून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारत मंडळी स्थापन झाली, आणि अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील महाराष्ट्रातल्या मंडळ्या तिच्यात आल्या.