घरोघरचा सहावा मुलगा : आचार्य विनोबा भावे

भगिनींनो, हळदीकुंकू असो की भिशी, चार बायका जमल्या की वाटण्यांच्या गोष्टी निघतातच. थोरल्या जावेला काय मिळाले, धाकटीच्या वाट्याला काय आले, सातबारावर कोणाचे नाव चढले. वीतभर बांधापायी सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड पाहीनासे होतात, हे आपण सर्वजणी जाणतो. अशा या आपल्या देशात एक कृश देहाचा, दाढीवाला माणूस गावोगाव पायी फिरला, गरिबांसाठी जमीन मागत गेला, आणि लोकांनी त्याला लाखो एकर जमीन दिली. ही गोष्ट आजच्या मुलींना सांगितली तर पुराणातली वाटते. म्हणून आपल्या स्मरणिकेत आचार्य विनोबा भावे यांचे चरित्र थोडक्यात सांगत आहे.

विनोबांचे नाव विनायक नरहरी भावे. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील बडोद्यास नोकरीला होते. आई रुक्मिणीबाई मोठ्या भाविक होत्या. घरच्या अंगणात फणस होता. तो पिकला की लहानग्या विन्याला केव्हा एकदा गरे खातो असे होई. पण आई आधी द्रोण भरायची आणि शेजारच्या घरोघर त्याच्याच हातून पाठवायची. सगळ्यांना पोचले म्हणजे मग त्याला जवळ बसवून गरे द्यायची. आधी द्यावे आणि मग खावे, हा धडा त्यांना शाळेत नव्हे, आईच्या हाताखाली मिळाला. पुढे त्यांनी साऱ्या देशाला तोच शिकविला.

कॉलेजात असताना त्यांनी आपली प्रमाणपत्रे आईसमोर चुलीत टाकली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले ते मध्येच सुरतेस उतरून काशीला गेले, आणि तेथून गांधीजींच्या आश्रमात. १९२१ साली ते वर्ध्यास आश्रम चालविण्यास आले. आईला गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत कळत नसे. आई १९१८ सालीच गेली. तरी तिची इच्छा मनात ठेवून त्यांनी १९३०-३१ साली सोप्या मराठीत गीताई रचली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, ती सानेगुरुजींनी उतरून घेतली. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिले निवडले ते विनोबांनाच.

स्वराज्य आले, पण शेतात राबणाऱ्या मजुराचे शेत काही त्याचे झाले नाही. हैदराबाद संस्थानातील तेलंगणात तर जमीनदार आणि कुळे यांच्यात १९४६ पासून रक्तपात चालला होता. रात्री एकाची भीती, दिवसा दुसऱ्याची. १९५१ साली विनोबा पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी पायी गेले आणि नंतर या भागात फिरू लागले. १८ एप्रिल १९५१ रोजी ते पोचमपल्लीस पोचले. जेथल्या साड्या आपण हौसेने नेसतो, तेच हे गाव. तेथील ४० हरिजन कुटुंबांनी त्यांना पोट भरण्यापुरती ८० एकर जमीन मागितली. सरकारला लिहून उत्तर यायला किती दिवस लागणार, या विचाराने विनोबांनी गावकऱ्यांनाच विचारले. तेव्हा रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी आपल्या जमिनीतून १०० एकर देऊ केली. मागितली त्याहून २० एकर जास्तच.

तेथून भूदान सुरू झाले. विनोबा प्रत्येक गावी मागत, पण मागणे भिक्षेचे नव्हते. ज्याला पाच मुलगे असतील त्याने मला सहावा मुलगा समजावे आणि दरिद्रीनारायणासाठी माझा सहावा हिस्सा द्यावा, असे त्यांचे सांगणे असे. मुलगा हिश्श्यासाठी आला म्हणजे त्याला हाकलून कसे देणार? दया म्हणून टाकलेला तुकडा निराळा आणि वाटणीचा हिस्सा निराळा, हे आपल्याला सांगायला नको. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, याची एवढी काळजी दुसऱ्या कोणी घेतली असेल असे वाटत नाही.

पोटात व्रणाचे दुखणे असताना विनोबा तेरा वर्षे चालले. पहाटे अंधारात निघावे, दहाबारा मैल चालून दुसरे गाव गाठावे, सभा, प्रार्थना, पुन्हा पुढचे गाव. १९५२ साली उत्तर प्रदेशातील मंगरोठ गावाने सगळी जमीनच गावाच्या नावे केली. ते पहिले ग्रामदान. त्यांच्याबरोबर आपल्या भगिनीही चालल्या. नागपूरच्या निर्मलाताई देशपांडे त्यांतल्याच. १९५९ साली विनोबांनी पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढले.

आता कामाचा हिशेबही मांडला पाहिजे. विनोबांनी पाच कोटी एकरांचा संकल्प केला होता. मिळाली चाळीस लाख एकरांहून थोडी अधिक, आणि भूमिहीनांना प्रत्यक्ष वाटली गेली ती त्यातली निम्म्याच्या आसपास. एकट्या बिहारात वीस लाख एकरांवर दान आले, पण त्यात खडक, जंगल, नदीच्या पात्रातली वाळू पुष्कळ निघाली. कोणी कोर्टात भांडणात असलेली जमीन दिली, कोणी सभेत हात वर केला आणि कागद करायच्या वेळी घरी सापडला नाही. जमीन मिळाली त्यांच्याकडे बैल नव्हता, बी नव्हते. शब्द दिला त्या दिवशी टाळ्या झाल्या. मोजणी, नोंद, ताबा यांना मात्र कोणी टाळ्या वाजवीत नाही, आणि नेमके तेथेच काम अडले.

तरीही ज्यांच्या हाती शेत आले, त्यांचे जिणे पालटले. दुसऱ्याच्या बांधावर वाकणारी बाई स्वतःच्या बांधावर उभी राहिली. तामिळनाडूतील कृष्णम्मल आणि जगन्नाथन हे दांपत्य विनोबांच्या भूदानातले. १९६८ साली तंजावर भागात कीळवेणमणी गावी मजुरीच्या भांडणातून ४४ दलितांना जाळून मारण्यात आले. त्यांत बहुतेक बायकामुले होती. त्यानंतर या दोघांनी त्या भागातच काम धरले. १९८१ साली त्यांनी संस्था काढली. जमीनदाराशी बोलणे करून रास्त भावाने जमीन घ्यायची, त्यासाठी कर्ज उभे करायचे आणि भूमिहीन कुटुंबाला एकेक एकर द्यायची, तीही घरातल्या बाईच्या नावाने. बाईच्या नावावर असलेली जमीन दारूच्या पेल्यात बुडत नाही. विनोबांच्या कामातली उणीव त्यांच्याच माणसांनी अशी भरून काढली.

विनोबा १९६४ साली पवनारला परतले. नोव्हेंबर १९८२ मध्ये दुखणे वाढले तेव्हा त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडले आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, धाम नदीकाठच्या आश्रमात शांतपणे देह ठेवला. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. ज्यांनी लाखो एकर जमीन मागून आणली, त्यांच्या स्वतःच्या नावावर मात्र काही नव्हते.

भगिनींनो, आपण काही एकरांनी जमीन देणाऱ्या नाही. पण हिस्सा देताना तो मनापासून द्यावा, चांगल्यातला द्यावा, आणि दिल्यावर त्याचा कागदही पुरा करावा, एवढे आपल्या हातचे आहे. मुलीला द्यायचे असेल, सुनेच्या नावावर करायचे असेल, तर नुसते तोंडाने बोलून थांबू नये. तलाठ्याकडे जाऊन नाव चढले की नाही ते पाहावे. विनोबांच्या आईने गऱ्यांचे द्रोण शेजाऱ्यांच्या घरात पोचल्यावाचून मुलाला खायला बसविले नाही. पोचले म्हणजेच दिले.