तोबऱ्यातली आगाडी-पिछाडी

थोरल्या बाजीरावाची एक गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. दिल्लीच्या बादशहाला या माणसाची धास्ती बसली, तेव्हा त्याने एक चित्रकार पाठवला आणि बाजीराव ज्या स्थितीत दिसेल तसाच काढून आणायला सांगितले. चित्रकाराने जे चित्र आणले त्यात पेशवा घोड्यावर बसला आहे, भाला खांद्याला टेकवला आहे, लगाम घोड्याच्या मानेवर सैल पडला आहे आणि स्वारी दोन्ही हातांनी जोंधळ्याची कणसे चोळून दाणे तोंडात टाकत चालली आहे. गुरुजी ही गोष्ट इथेच संपवतात. पण ग्रँट डफच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासात तिच्यात आणखी एक तपशील आहे. तो वाचला आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. त्या घोड्याच्या तोबऱ्यात त्याची आगाडी आणि पिछाडी भरलेली होती, अगदी साध्या मराठा स्वाराची असते तशी.

गोष्ट खरी की रचलेली, हे इतिहासकारांनी ठरवावे. ज्याने ती प्रथम सांगितली त्याला घोडा कळत होता, एवढे मात्र नक्की.

ज्यांच्या घरी घोडा नाही त्यांच्यासाठी सांगते. आगाडी म्हणजे घोड्याच्या मोहरकीला बांधलेले पुढचे दोर. ते डाव्या-उजव्या बाजूंना दोन मेखांना बांधतात. पिछाडी म्हणजे मागच्या पायांना, खुराच्या वर, मऊ पट्टा घालून मागच्या मेखेला नेलेला दोर. असा बांधलेला घोडा उभा राहतो, खातो, बसतोही. पण गर्रकन वळून शेजारच्या घोड्याला लाथ मारू शकत नाही आणि दोरावरून पाय टाकून अडकत नाही. तोबरा म्हणजे चंदीची पिशवी, जी तोंडाला अडकवली की घोडा त्यातले दाणे खातो. तेव्हा बाजीरावाच्या घोड्याचे सगळे बिऱ्हाड त्या एका पिशवीत होते.

माझे वडील वरातीसाठी घोडी ठेवतात, म्हणून या दोरांचे मोल मला पुस्तकाआधी कळले. घोडा दिसायला रुबाबदार असला तरी स्वभावाने पळणारा प्राणी. त्याला भीती वाटली की तो आधी पळतो, मग विचार करतो. पळता आले नाही आणि डोके अडकल्यासारखे वाटले, तर तो सगळ्या अंगाचा भार टाकून मागे ओढतो. दोर जितका ताणतो तितका तो अधिक घाबरतो. तीन वर्षांपूर्वी अकोल्याकडे एका लग्नात वडील पंगतीला बसले असताना कोणीतरी आमची घोडी लगामानेच एका लोखंडी फाटकाला बांधली. तेवढ्यात फटाक्यांची माळ लागली. घोडीने हिसका दिला, फाटक बिजागरीतून निघाले आणि तिच्या मागे फरफटत आले. आपल्या मागे काय लागले आहे हे तिला कळेना, म्हणून ती आणखी जोरात पळाली. जीभ कापली, गुडघा सोलून निघाला. त्या हंगामात आमच्या घरी एकही वरात आली नाही. माझी पहिल्या वर्षाची फी कशी भरली ते इथे सांगत नाही.

घोडी लगामाने कधी बांधायची नाही, मोहरकीनेच बांधायची. जे हलते त्याला बांधायची नाही. दोर तिच्या खांद्याच्या उंचीवर, हात-दीड हातच मोकळा ठेवायचा. आणि गाठ सुरगाठच हवी, टोक ओढताच सुटणारी, निरगाठ कदापि नाही. हे वडिलांचे नियम. मैदानात खांब-भिंत काही नसेल तर आगाडी-पिछाडी. त्यातही आपल्या काळ्या मातीत मेख सरळ ठोकली तर पावसानंतर ती लोण्यातून यावी तशी वर येते. तिरपी आणि खोल ठोकावी लागते.

आता बाजीरावाकडे वळू. त्याचा जन्म १८ ऑगस्ट १७०० चा. वडील बाळाजी विश्वनाथ शाहू महाराजांचे पेशवे, आई राधाबाई. वडिलांबरोबर मुलगा १७१९ साली दिल्लीपर्यंत जाऊन आला. २ एप्रिल १७२० ला बाळाजीपंत वारले आणि पंधरा दिवसांत, १७ एप्रिलला, शाहूंनी पेशवाईची वस्त्रे या पोराला दिली. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. दरबारातल्या जुन्या मंडळींना ते रुचले नाही. मीही एकोणीस वर्षांची आहे, आणि वर्गात उभे राहून उत्तर द्यायलाही माझे पाय कापतात, म्हणून हा आकडा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आपल्या वऱ्हाडाशी त्याचा संबंध लवकर आला. १७२४ साली बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्डा येथे निजामाने मुबारिजखानाचा पाडाव केला, तेव्हा मराठे निजामाच्या मदतीला होते. जिंकल्यावर निजामाने त्या गावाचे नावच फत्तेखेर्डा केले. पुढे तीनच वर्षांत हाच निजाम शाहूंच्या चौथाईच्या हक्कात खोडा घालू लागला आणि बाजीरावाला त्याच्याशीच भिडावे लागले.

ही १७२७-२८ ची मोहीम मला त्याच्या सगळ्या आयुष्यातली शिखरासारखी वाटते. निजामाजवळ भारी तोफखाना होता. बाजीरावाजवळ तसे काही नव्हते, घोडदळ होते. पावसाळा सरताच तो निघाला. जालन्याजवळ निजामाच्या सरदाराशी चकमक झाली आणि मग तो वऱ्हाडात शिरला. माहूर, मंगरूळ, वाशीम या भागातून त्याची फौज गेली. मंगरूळपीर आणि वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होती, तेव्हा ती आपलीच गावे. तिथून अचानक वायव्येला वळून त्याने खानदेश गाठला, कुकरमुंड्याजवळ तापी ओलांडली आणि गुजरातेत उतरला. बऱ्हाणपुरावर जातो अशी हूल दिली. निजाम इकडे पुण्यापर्यंत आला, तर बाजीराव औरंगाबादेच्या रोखाने परतलेला. निजामाला राजधानीकडे धावावे लागले. त्या धावपळीत जड तोफा मागे राहिल्या, आणि फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस वैजापूरजवळ पालखेडला तो पाण्यावाचून, दाण्यावाचून कोंडला गेला. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. इंग्रज सेनापती माँटगोमेरी याने युद्धांच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात या मोहिमेची मोठी वाखाणणी केली आहे.

पुस्तकांतून या वेगाचे कौतुक असते : एवढे कोस, एवढ्या दिवसांत. पण घोडा चोवीस तास पळत नाही. तो रात्री थांबतो, आणि थांबला की त्याला बांधावे लागते. मला वाटते, या मोहिमेचे मर्म त्या थांबण्यात आहे. वाशिमाच्या माळावर रात्री हजारो घोडी बांधलेली आहेत, कुंपण नाही, तबेला नाही, आभाळ उघडे. एखादे घोडे कोल्ह्याला बुजले, मेख उपटून निघाले, आणि ती मेख दोराच्या टोकाला उड्या मारीत इतर घोड्यांच्या पायांत आली, तर अंधारात भीती रांगभर पसरायला किती वेळ लागतो? सकाळी निम्मी फौज पायी. शत्रूला गोळी झाडायलाही नको. ज्या सैन्याला तोफा नाहीत, ज्याचे सारे बळ चार पायांवर आहे, त्याला एका लंगड्या घोड्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

आणि इथे तो तोबरा पुन्हा आठवतो. प्रत्येकाचे दोर प्रत्येकाच्या घोड्यावर असले म्हणजे मागून येणाऱ्या बैलांची, सामानाची वाट पाहावी लागत नाही. उतरले की मेखा ठोकल्या, दोर काढून घोडा बांधला, रिकाम्या तोबऱ्यात चंदी घालून त्याच्या तोंडाला लावली. निघताना उलटे. बांधण्याची सोय ज्याच्या बरोबर असते तो कुठेही मुक्काम करू शकतो. हा माझा तर्क आहे, प्राध्यापकांनी तपासावा. शिस्त मात्र शिवकाळापासूनची. शिवाजी महाराजांच्या पागेत दर पंचवीस स्वारांमागे एक पाणक्या आणि एक नालबंद असे, असे सभासदाने लिहून ठेवले आहे. एक गंमतही मनात येते. वऱ्हाडात बाजीराव आला तेव्हा नोव्हेंबर होता, खरिपाची ज्वारी कणसात भरलेली असणार. चित्रातली ती कणसे आपल्या मंगरूळकडची असतील का? पुराव्याशिवाय असे म्हणू नये, पण म्हणावेसे वाटते.

वडिलांना मी ही चित्रकाराची गोष्ट वाचून दाखवली. त्यांनी बादशहाचे नाव विचारले नाही. पिछाडीचा दोर सुताचा होता की अंबाडीचा, एवढे विचारले. अंबाडीचा पायाला काचतो.

पालखेडनंतरची बारा वर्षे बाजीराव क्वचितच स्वस्थ बसला. १७२९ मध्ये बुंदेलखंडात जाऊन त्याने वृद्ध छत्रसालाला बंगशाच्या वेढ्यातून सोडवले. १७३० मध्ये पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला आणि दोन वर्षांनी वास्तुशांत झाली, पण त्या वाड्यात तो राहिला किती, हा प्रश्नच आहे. १७३१ मध्ये डभईला त्रिंबकराव दाभाड्यांशी घरचीच लढाई लढावी लागली. मार्च १७३७ मध्ये तो दिल्लीच्या वेशीवर जाऊन थडकला. दहा दिवसांची मजल दोन दिवसांत मारली असे सांगतात. त्याच वर्षाच्या शेवटी निजाम पुन्हा भोपाळला कोंडला गेला. मस्तानीवरून पुण्यातल्या कर्मठांनी त्याला किती छळले ते सिनेमामुळे आता सर्वांना ठाऊक आहे. मला त्यात त्याच्यापेक्षा तिचे दुःख मोठे दिसते.

१७४० च्या आरंभी निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी शेवटचा सामना झाला. तहात हंडिया आणि खरगोण हे प्रांत मिळाले, त्यांची व्यवस्था लावायला तो नर्मदेकडे गेला. वैशाखाचे ऊन होते. रावेरखेडीच्या मुक्कामात ताप आला आणि २८ एप्रिल १७४० ला, चाळीस वर्षेही पुरी झाली नसताना, नदीकाठच्या छावणीतच त्याचा अंत झाला. त्याच वर्षी डिसेंबरात धाकटा भाऊ चिमाजी अप्पाही गेला. रावेरखेडीला नर्मदेच्या काठी बाजीरावाची समाधी आहे.